मालतीनं किल्ल्या दिल्या तेव्हा

आडतीच्या त्या रिकाम्या गोदामात सोयाबीनची धूळ अजून तरंगत असे. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन पत्र्याच्या फटींतून तिरपं उतरलं की ती सोनेरी होई, आणि तिच्या किंचित उग्र, किंचित गोडसर वासात आमच्या तालमी सुरू होत. मुखेडच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो आणि रविवारची सकाळ नाटकाला देतो. लातूरच्या हौशी नाट्यस्पर्धेसाठी मी माझंच एक रहस्यनाटक पुन्हा बसवत होतो. पुन्हा, कारण आदल्या वर्षी ते तिथंच सपशेल पडलं होतं. मध्यंतरात एक प्रेक्षक शेजाऱ्याला जांभई देत म्हणाला होता, "त्यो दीर खोटा हाय, बघ." ते वाक्य वर्षभर माझ्या मनात कुसळासारखं रुतून होतं. आमच्या नाट्यमंडळातली निम्मी माणसं पांगली होती. या खेपेला हरलो असतो, तर उरलेलीही पांगली असती.

नाटकाची गोष्ट तशी साधी. मालती नावाची विधवा घरात एकटी राहते. वीस वर्षांपूर्वी परागंदा झालेला धाकटा दीर एके दिवशी दारात उभा राहतो, "वहिनी" अशी हाक मारतो आणि हळूहळू तिचा विश्वास मिळवून कागदपत्रांच्या कपाटापर्यंत पोचतो. तो दीर नव्हे, तोतया आहे, हे मी अखेरच्या प्रवेशात तो पकडला जाईपर्यंत दडवून ठेवलं होतं. दडवणं म्हणजेच रहस्य, अशी माझी पक्की समजूत. आणि जे मला ठाऊक आहे ते सभागृहात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही, याचा एक छुपा गर्वही.

यंदा मालतीचं काम सुनंदाताईंकडे होतं. त्या एसटीत कंडक्टर. आठवडाभर मुखेड-नांदेड गाडीत तिकिटं फाडायची आणि रविवारी तालमीला यायचं. रंगमंचावर त्या पहिल्यांदाच उभ्या राहत होत्या. तिसऱ्या तालमीला त्यांनी संहिता मिटली आणि विचारलं, "सर, ही मालती येडी हाय का?"

"नाही. का?"

"मग ओळखत कशी न्हाई त्याला? माझ्या गाडीत एकडाव बसलेलं माणूस मी वर्सानं ओळखते."

वीस वर्षांत चेहरा बदलतो, वगैरे मी सांगू लागलो. त्यांनी मान हलवली. मग धुळीच्या झोताकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तिला ओळखायचंच नसंल. इतक्या सालानं घरात कुणीतरी वहिनी म्हणून राहिलंय. ते सोडवंल का तिला?"

मी लिहिलेली बाई मला पहिल्यांदाच दिसली.

पण सुनंदाताई तिथं थांबल्या नाहीत. "मग लोकायला आधीच सांगून टाका, हा खोटा हाय म्हणून."

"मग रहस्य काय उरलं?" माझा स्वर चढला होता.

त्यावर त्यांनी गाडीतला एक प्रसंग सांगितला. नांदेडहून निघालेल्या भरल्या गाडीत एक म्हातारी शेजारच्या बाईशी लेकीच्या बाळंतपणाबद्दल हसत हसत बोलत होती, आणि ती बाई पदराआडून तिच्या गळ्यातल्या मण्यांची गाठ सोडवत होती. "म्हातारीला काहीच ठाऊक न्हाई. मला मागून समदं दिसून राहिलं. मी ओरडले, गाडी थांबवली, मणी वाचले. पण सर, ओरडायच्या आधी पोटात जो गोळा उठला ना, तेवढा ठिवा तुमच्या नाटकात."

वर्षानुवर्षं मी फळ्यावर 'नाट्यात्म उपरोध' ही संज्ञा लिहीत आलो, पात्राला जे ठाऊक नसतं ते प्रेक्षकाला ठाऊक असतं, ही तिची व्याख्या मुलांकडून पाठ करून घेत आलो. ती अशी, घामाचा नि डिझेलचा वास घेऊन माझ्यासमोर कधी उभी राहिली नव्हती. तरीही दोन दिवस मी रागावलेलाच होतो. तिसऱ्या पहाटे उठलो आणि पहिल्याच अंकात एक नवा प्रवेश घातला. तोतया एकटाच आरशापुढे उभा राहतो आणि "वहिनी" हा शब्द तीन आवाजांत म्हणून बघतो. तिसरा आवाज इतका मायाळू, की अंगावर काटा यावा. पुढच्या संवादांतलं एक अक्षरही मी बदललं नाही. पण "तू आलास, आता मला कशाची भीती नाही" हे मालतीचं जुनंच वाक्य आता काळजात कळ उठवू लागलं.

लातूरला आमचा प्रयोग दुपारी होता. आरशाच्या प्रवेशानंतर सभागृहातली कुजबुज थांबली. दुसऱ्या अंकात मालतीनं कंबरेच्या किल्ल्या काढल्या आणि हात पुढे केला, तेव्हा तिसऱ्या रांगेतून एका बाईचा आवाज फुटला, "नको देऊ गं माय, खोटा हाय त्यो!"

मी विंगेतून बघत होतो. कुणी हसलं असतं, सुनंदाताईंची नजर क्षणभर जरी तिकडे वळली असती, तर सारं संपलं असतं. त्यांच्या पापणीनंही दखल घेतली नाही. त्यांनी किल्ल्या पदरानं पुसल्या, एकेक, सावकाश, जणू वीस वर्षांचा एकटेपणाच पुसून टाकत होत्या. आणि हसून त्याच्या तळहातावर ठेवल्या. भरल्या सभागृहातून एकच उसासा उठला. अखेरचा पडदा पडला तेव्हा माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि त्या टाळ्यांत मी विंगेतला बांबू धरून लहान मुलासारखा रडत होतो.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. नाटक पहिलं, सुनंदाताई अभिनयात पहिल्या. दुपारची ड्यूटी गाठायची म्हणून त्या खाकी गणवेशातच मंचावर गेल्या, आणि आमच्या मंडळींनी शिट्ट्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. गेल्या वर्षी सोडून गेलेले दोघेजण मागच्या रांगेतून धावत येऊन माझ्या गळ्यात पडले.

त्या गर्दीतून वाट काढत कालची ती तिसऱ्या रांगेतली बाई आली. ओरडल्याची लाज अजून चेहऱ्यावर होती. तिनं सुनंदाताईंचा हात हातात घेतला आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हीच लिहिलंय न्हवं? मग सांगा, तो तुरुंगात गेला, ते बरंच झालं. पण त्या घरात आता तिला वहिनी कोण म्हणतं?"

सुनंदाताईही माझ्याकडे बघू लागल्या. कथानकातला प्रत्येक धागा मी माझ्या हातानं गुंफला होता, आणि या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "मला ठाऊक नाही," मी म्हणालो. हे शब्द उच्चारताना इतका आनंद होतो, हे मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.