अंजनीचं आवतन

बदलापूर गावात लग्न निघालं की पहिलं बोलावणं अंजनीला जायचं. अंजनी धवलारीण. मांडवात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी, देवांना नि पाहुण्यांना नाव घेऊन आवतन देणारी बाई. आमच्याकडे छापील पत्रिका घरात आली नाही तरी एकवेळ चालतं, पण धवलारणीनं नाव घेतलं नाही तर माणूस सरळ विचारतो, मला बोलावलं कुणी? चाळीस वर्षं हे काम तिच्या गळ्यावर चाललं. आवाज असा, की खालच्या आळीत गायला लागली तर वरच्या आळीतल्या म्हशी कान टवकारायच्या.

मग डीजे आला. त्या भोंग्यांच्या भिंतीपुढे बाईमाणसाचा गळा काय करणार? "दहा मिनटांत उरक गो मावशे," असं पोरं सांगायला लागली. दहा मिनिटांत जेमतेम देव येतात, पाहुणे वेशीबाहेरच राहतात. अंजनी दारात सुकट निवडत बसायची. पण गेल्या वर्षी गावातली तीन लग्नं तिच्याविना लागली, ते तिला झोंबलं होतं.

तिच्या बहिणीचा जितेश उल्हासनगरला एका सिंधी सेठच्या स्टुडिओत कामाला. त्याच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर होतं. फोटो ओळीनं लावायचे, माइकमधून त्यांची माहिती सांगायची, की झाला व्हिडिओ. फोटो सरकत जातात, मागून आवाज बोलतो. गावातल्या जयदेवनं आपल्या हर्षदाच्या हळदीचं आमंत्रण तसंच करायला टाकलं. व्हॉट्सॲपवर सोडायचं, घरोघर फिरायला नको.

पहिल्यांदा जितेशनं सॉफ्टवेअरमधलीच बाई बोलायला लावली. मजकूर टाइप केला की ती घडाघडा वाचते. जयदेवनं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"ही कोन रं? आमचे आयेचा नाव असा घेतंय, वाटतंय आथा बोलंल मराठीसाठी दोन दाबा."

"मग मावशीला बोलवू?"

अशी अंजनी स्टुडिओत आली. डोक्यावरचा पदर सावरून वर हेडफोन चढवला, आणि समोर काचेत बघून म्हणाली, "भुतासारखी दिसतंय मी."

"मस्त दिसतेस. ऐक, एका फोटोला सहा सेकंद. बोललीस की थांबायचं. मी बटण दाबतो, मग पुढचा फोटो."

"सहा सेकंदात माणसाची चप्पल तरी निघतंय का रं? आनि थांबाचा कशाला? आवतन एका दमात देतात. मधी तोडला तं अपशकुन."

जितेशनं डोकं खाजवलं. "ठीक आहे यार मावशी. तू बोल एका दमात. मी नंतर फोटो तुझ्या आवाजाच्या मापानं ताणतो."

अंजनी चार मिनिटं सलग बोलली. फोटो बघत गेली आणि अर्धं गात, अर्धं सांगत एकेकाला बोलावत गेली. मध्येच एक जुना फोटो आला. जत्रेत एक गडी खांद्यावर लहानगी हर्षदा घेऊन उभा. अंजनीनं सूर तसाच चढवला, "हा जनूमामा बुवापाड्याचा. पोरीचा जावल याचे मांडीवर निंगला. मामा, तुना आवतन, बायकोपोरांना घेऊन हलदीला ये!"

जितेशकडून जयदेवला हे कळल्यावर त्यानं गावातूनच उलट फोन केला. जनू त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा, गोदूचा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी जयदेवच्या घरभरणीला जनू बुवापाड्याहून आला आणि त्याला बसवलं दुसऱ्या पंगतीला. मामाचा मान, आणि दुसरी पंगत! ताटावरून उठला तो गेलाच. तेव्हापासून दोघं अंबरनाथच्या बाजारात समोरासमोर आले तरी भाजी बघत उभे राहायचे. फोटो गोदूनंच गुपचूप गठ्ठ्यात सरकवला होता.

"तो फोटो उडव," जयदेव म्हणाला.

जितेशनं उडवला. पण त्या सॉफ्टवेअरात फोटोंची पट्टी वेगळी, आवाजाची वेगळी. फोटो गेला, आवाज जागच्या जागी. मागचे फोटो एकेक घर पुढे सरकले. समोर दुसरं गिऱ्हाईक बसलेलं, म्हणून जितेशनं आवाज बंद करूनच व्हिडिओ तपासला नि पाठवला. जयदेवनं पहिला गणपती बघितला, हात जोडले आणि चारशे जणांना सोडून दिला.

संध्याकाळी नाक्यावर पोरांनी त्याला गाठलं. "काय जनूमामा, बरा हाय ना?"

व्हिडिओत जयदेव गॉगल लावून बैलाशेजारी उभा होता, आणि अंजनी खणखणीत सांगत होती, हा जनूमामा बुवापाड्याचा. आणखी पुढे एकट्या बैलाच्या फोटोवर गोदूच्या चुलतसासूचं नाव आलं होतं. ती म्हातारी वेगळीच पेटली होती. आणि व्हिडिओ तर केव्हाच बुवापाड्यात पोचला होता.

जयदेव तणतणत अंजनीच्या दारात.

"मावशे, उद्या परत रेकॉर्ड कर. सांग का जनूचा नाव चुकून आला, ता आवतन नाय."

"मी घेतला ना नाव? मग चुकून कसा?"

"फोटो तं मी उडवला व्हता!"

"फोटो तुजा. आवतन माजा. दिलेला आवतन मी फिरवला, तं उद्या माजे तोंडाव कोन येल मांडवात?"

"मग तू बी येऊ नको हलदीला. डीजे हाय माजा."

"नाय येत."

जयदेव गेला. अंजनीनं सुपातली सुकट पुढ्यात ओढली. जयदेव गावातलं मोठं घर. त्यानं तिला टाळलं की बाकीच्यांना निमित्तच मिळणार होतं. हात तिचे भराभर चालले होते, पण निवडलेलं नि न निवडलेलं ती एकाच ढिगात टाकत होती.

हळदीच्या दिवशी उतरत्या उन्हात डीजे दणदणत असताना बुवापाड्याहून दोन जीपगाड्या आल्या. जनू उतरला, नवा कोरा फेटा, मागे बायकोपोरं, हर्षदासाठी साडीचं ताट. मांडवाच्या दारात आला आणि खांबासारखा उभा राहिला.

"या ना," कोणीतरी म्हणालं.

"येतो कसा? मना आवतन दिला ती बाय कुठंय? तिचे तोंडून ऐकीन, मगच पाय आत. नाय तं गाड्या फिरवतो."

डीजेवाल्यानं आपणहून आवाज कमी केला. असला तमाशा कोण सोडतो? आत गोदूनं हळदीची वाटी पाटावर ठेवली आणि हात मांडीखाली घेऊन बसली.

"हलद लाव गो," जयदेव म्हणाला.

"भाऊ दारातून परत गेला तं पोरीला हलद तूच लाव. मना नाय जमाचा."

मांडवभर बायका जयदेवकडे बघत होत्या. तो निघाला, पायात एक चप्पल त्याची, एक दुसऱ्याची. अंजनीच्या दारात जाऊन म्हणाला, "चल मावशे."

"डीजे हाय ना तुजा?"

"त्याना आवतन देता येत नाय."

"मग काय सांगाचा मी? चुकून?"

जयदेवनं इकडं तिकडं बघितलं. "तुना काय सांगाचा ता सांग. पन चल."

अंजनीनं हात धुतले, तरी सुकटीचा वास राहिलाच. मांडवाच्या दारात जाऊन तिनं घसा खाकरला आणि जनूच्या तोंडासमोर त्याच्या तीन पिढ्या बोलावल्या. आजा, पणजा, कुलदेवता, बायकोपोरं, कुणी सोडलं नाही. पुरा पाऊण तास. डीजेवाला भोंग्यावर बसून तंबाखू मळत राहिला. जनूला उन्हात घाम फुटला, पण मान मागितला होता, हलणार कसा?

सरतेशेवटी तो आत आला. पहिल्या पंगतीला बसला, वडे नि मटण चारदा मागून घेतलं, आणि हात धुता धुता जयदेवला म्हणाला, "रस्सा पातल झालाय." नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. जयदेवनं आचाऱ्याला दोन शिव्या हासडल्या, त्यात जनूनं स्वतःची एक घातली.

आता दर रविवारी अंजनी उल्हासनगरला जाते. आमंत्रणाच्या व्हिडिओंना आजूबाजूच्या गावांत तिचाच आवाज लागतो. घरची मंडळी फोटो घेऊन येतात आणि कोणाचा ठेवायचा, कोणाचा नाही, यावरून स्टुडिओतच जुंपते. सेठ कावतो. अंजनी हेडफोन गळ्यात घालून खुर्चीत बसून राहते.

"भांडा, पोटभर भांडा," ती म्हणते. "मी तोंड उघडेपर्यंत टाइम हाय."