९९७३ ला कशानंच भाग जात न्हाई

मित्रांनो, आज परळीत सलीमच्या गॅरेजवर डोकं लई फिरलं होतं. नव्या गाडीला नंबर आला ९९७३. सलीम हसत म्हणला, "आकड्यांची बेरीज करत गेलं की शेवटी एक उरतो बे, लकी नऊ पाहिजे होता." मी नंबरप्लेट काढून फेकायला पाना घेतला.

तेवढ्यात माझ्या कॉलेजच्या वर्गातल्या पूजाची स्कूटी थांबली. मी बीएस्सी अर्धवट सोडल्यापासून ती माझ्याशी बोलतच नव्हती.

प्लेट बघून म्हणाली, "चार आकडी संख्यांतली सगळ्यात मोठी मूळ संख्या हाय ही. एक अन् ती स्वतः सोडली तर कशानंच भाग जात न्हाई."

"कशावरून? हजारो आकड्यांनी कोण भागत बसणार?"

"शंभराच्या आतल्या मूळ संख्यांनीच बघ, येड्या. शंभरापुढच्यानं भाग गेला, तर त्याचा जोडीदार शंभराच्या आतच सापडतो. दोघंबी मोठे असले तर गुणाकार दहा हजाराच्या पुढं जाईल की."

मी मोबाईलवर भागत बसलो. सत्त्याण्णवपर्यंत दरवेळी बाकी उरली. ती शेवटपर्यंत थांबली. जाताना म्हणाली, "डोकं चालतंय की अजून. कॉलेजला ये."

लई दिवसांनी मन हलकं झालं राव.

तुमच्या गाडीच्या नंबराला कशानं भाग जातो? कमेंटमध्ये टाका, मी बसलोय भागत.