इंगोले सरांची फक्की

इंगोले सर नकाशा वर्गात तपासत नसत, मैदानावर तपासत. वाशीमला आमच्या बांधकाम-आरेखनाच्या संस्थेमागं खो-खोचं मैदान होतं. आपण नेलेला नकाशा ते एकदा सुलटा, एकदा उलटा बघत, "चांगला हाये" म्हणत आणि हातात फक्कीचं घमेलं देत. मैदानावर रेघा मारायची ती पांढरी पूड. तिनं अख्खा नकाशा खऱ्या मापात जमिनीवर आखायचा. भिंतीला रेघ, दाराला मोकळी जागा, पायरीला विटा. मग सर एक जुनी चाकाची खुर्ची ढकलत आणत, आपल्याला तिच्यात बसवत आणि म्हणत, "चाल आता तुह्या इमारतीत."

माझा पहिला नकाशा दवाखान्याचा होता, माझ्या गावासाठी, रिठदसाठी. समोर नऊ पायऱ्या आणि खांबांची पोर्च काढली होती. मोठ्या इमारतीला पायऱ्या असतातच, अशी माझी समजूत. बाराच्या उन्हात माझी खुर्ची पहिल्याच विटेला थांबली. सरांनी विटा बाजूला केल्या, मला आत घेतलं, तर मी संडासाच्या दारात अडकले. पोरं खदखदून हसली. सर हसले नाहीत.

"काहून अडकली?"

"दार लहान आहे, सर."

"दार लहान नाई. तू ज्याच्यासाठी काढलं तो मानूस धडधाकट हाये, एकटा हाये, अन् त्याले घाई नाई. असा मानूस दवाखान्यात कायले येईन?"

मला रडू आलं. तेव्हा वाटलं, हा माणूस उगाच छळतो. संध्याकाळी वसतिगृहात नकाशा पुन्हा काढायला बसले, तेव्हा पहिल्यांदा मला रिठदचे म्हातारे डोळ्यांसमोर दिसले.

"कागदावरच्या मानसाचे पाय दुखत नाई," हे सरांचं आवडतं वाक्य. दुसरं होतं, "पायऱ्या काही जनाइले चालते, उतार सगळ्याइले चालते." उतार फक्त अपंगांसाठी असतो असं कुणी म्हटलं की ते बोटं दुमडत मोजायला लागत : दिवस भरलेली बाई, गुडघे गेलेला म्हातारा, सायकलवर सोयाबीनचं पोतं आणणारा, पाय मुरगळलेला तू स्वतः. या माणसाला लग्नकार्याला बोलवायची सोय नव्हती. एका विद्यार्थ्याच्या लग्नात सगळे नवरीकडे बघत होते आणि सर स्टेजच्या पायरीची उंची वितीनं मोजत होते. अक्षता तशाच मुठीत राहिल्या.

ती खुर्ची काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची होती, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. मंगळवारी काही कागद द्यायला सरांच्या घरी गेले, तर काकू खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. कमरेखाली त्यांना हालचाल नव्हती. "बस, पोरी," त्या म्हणाल्या. "माही गाडी शिकवाले गेली. मंगळवारी अन् शुक्करवारी मी आपली खाटेवर." तक्रारीचा सूर नव्हता, उलट घरातलं कुणीतरी नोकरीला असल्यासारखा तोरा होता.

काकूंना वाचायचं भारी वेड. पण गावातलं वाचनालय तेव्हा एका दुकानावर होतं, बावीस पायऱ्या चढून. पुस्तकं सर आणत आणि हमखास चुकीची आणत. "यायनं आनलेल्या दर पुस्तकात कोनी ना कोनी मरते," काकू सरांच्या देखत सांगत. "कपाटापुढं उभं राहून तिसऱ्या पानावर पुस्तक ओळखता येते. मले ते माह्या हातानं काढाचं हाये." एकदा कुठल्याशा कार्यक्रमाला लोकांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं होतं. "कार्यक्रम पाह्यलाच नाई म्या. उतरतानी कोन कुठून धरन, एवढंच पाहत होती. आता नाई जात उचलून. चौघं उचलतीन ते शेवटचंच."

पुढं मी नोकरीला लागले आणि काही वर्षांनी वाचनालयाच्या नव्या इमारतीची देखरेख माझ्याकडे आली. तळमजल्यावर, ऐसपैस. मी धावत सरांकडे गेले. काकू म्हणाल्या, "पहिलं पुस्तक मी काढन." सरांनी एवढंच विचारलं, "जोतं किती उंच?"

"अडीच फूट."

"मंग उतार तीस फूट. फुटाले बारा, नाईतर खुर्ची मागं येते."

"माहीत आहे, सर," मी जरा ऐटीतच म्हणाले.

जागेवर तीस फूट नव्हतेच. दारापासून अठरा फुटांवर झेंड्याचा ओटा होता. उतार वळवून न्यावा तर त्या बाजूला आमच्या कार्यालयाच्या साहेबांच्या गाडीचं शेड. दोन्ही गोष्टी मी आधी फक्की मारली असती तर पहिल्या दिवशी दिसल्या असत्या. दिसल्या त्या जोतं उभं राहिल्यावर. साहेब म्हणाले, "झेंड्याचा ओटा कोण हलवणार? उतार आखूड करा. तसंही खुर्ची घेऊन येतंय कोण?" कोण येणार हे मला माहीत होतं. तिचं नाव माझ्या जिभेवर होतं आणि मी गप्प बसले. अठरा फुटांच्या नकाशावर सही केली. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते.

उद्घाटनाला काकू जांभळं लुगडं नेसून आल्या, केसांत अबोलीची फुलं माळून. सरांनी खुर्ची उताराला लावली. निम्म्यावर त्यांच्या चपला घसरल्या, खुर्ची मागं आली, त्यांनी छाती लावून ती कशीबशी थोपवली. चौघंजण उचलायला धावले. काकूंनी हात वर केला. "नको," एवढंच म्हणाल्या. सरांनी खुर्ची हळूहळू खाली घेतली, ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फक्की मारली होती?"

"नाही, सर."

त्यांनी मान हलवली. दोघं ऑटोत बसून घरी गेले.

आठवड्यानं मी माफी मागायला गेले. काकूंनी चहा करायला लावला, "वाळली तू, पोरी," म्हणाल्या आणि वाचनालयाचा विषयच काढला नाही. सर मला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथं गच्चीवर जाणारा जिना होता, त्याला लोखंडी कठडा.

"हे घर म्याच काढलं," ते कठड्यावर हात ठेवून म्हणाले. "जिना झाला, कठडा रायला होता. पुढच्या महिन्यात लावू म्हनलं. तुही काकू कुरडया आनाले वर गेली अन् तिथून पडली. हा कठडा मंग लावला." कठड्यावरचा गंज त्यांनी अंगठ्यानं खरवडला. "तिनं मले आजवर एका शब्दानं बोललं नाई. मंग मी तुले कोन्या तोंडानं बोलू? पन दुरुस्त कर, पोरी. तिच्या देखत दुरुस्त कर."

मी मागं लागले. अर्ज केले, पायऱ्या झिजवल्या. एका सकाळी ओट्याभोवती फक्की मारून साहेबांनाच खुर्चीत बसवलं आणि अठरा फुटांचा उतार चढायला सांगितलं. त्यांना घाम फुटला. नंतर ते म्हणाले, "ओटा सरकवला म्हणून झेंडा काही खाली येत नाही." तरी मंजुऱ्या येईपर्यंत हिवाळा उजाडला. ओटा पलीकडे गेला, उताराचं काम सुरू झालं, आणि त्याच आठवड्यात काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं. त्यांना चौघांनी उचललं तेव्हा मी दारात उभी होते, आणि मला मान वर करवली नाही.

उतार पुरा झाल्यावर सरांना सांगायला जायचं मला धाडस नव्हतं. निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला सर आले, रिकामी खुर्ची ढकलत. खालून वर, मधे कुठंही न थांबता, एका हातानं ती त्यांनी नेली. दारात थांबून चाकाकडे पाहिलं.

"बरोबर झाला," म्हणाले. "उशीर झाला, पन बरोबर झाला."

मग खुर्ची कपाटापुढं लावून ते तिच्या शेजारी उभे राहिले. एकेक पुस्तक काढायचं, तिसरं पान उघडायचं, परत ठेवायचं, असं कितीतरी वेळ चाललं होतं. शेवटी रिकाम्या हातानं माझ्याकडे वळले. डोळे भरले होते.

"तिले यातलं कोनतं आवडलं असतं, हे मले अजून समजत नाई."

खुर्ची त्यांनी तिथंच सोडली. "राहू दे. कोनाले तरी लागन," म्हणाले, आणि उतारावरून एकटे, कठड्याला धरून, सावकाश खाली गेले. वर्षभरात सरही गेले. खुर्ची अजून त्या कपाटापुढं आहे. मी कधी गेले तर तिच्यात बसते आणि हात वर न करता जी पुस्तकं निघतात, तेवढीच वाचायला आणते.