मोलकरणीच्या खोलीतली पायरी

हॅलियर्ड नावाचं ते पांढरंशुभ्र घर बघायला लंडनहून माणसं येत, आणि एनिड पर्किसला त्या सगळ्यांची कीव यायची. दुरून डोंगर साजरे. सपाट छपरावर पाणी साचायचं आणि दर हिवाळ्यात जिन्यात बादली ठेवावी लागायची. खारा वारा लोखंडी खिडक्या खायचा. फ्रिंटन गावातली बाकीची माणसं साध्या विटांच्या घरांत कोरडी झोपत, आणि घराचे मालक वेअरिंग नवराबायको टपटप ऐकत म्हणत, ‘रेषा किती शुद्ध आहेत!’ एनिड बावीस वर्षं तिथल्या फरश्या पुसत होती. त्यांचा धुरकट वासाचा चहा तिच्या घशाखाली उतरत नसे, म्हणून थर्मास घरून आणायची.

त्या घरात तिच्या जिव्हाळ्याची वस्तू एकच होती. स्वयंपाकघराला लागून मोलकरणीची खोली होती, तिच्या खिडकीखालची लाकडी पायरी. युद्धाआधी एनिडची आई त्या खोलीत राहायची. गच्चीवर ऊन खात पडलेल्या पाहुण्यांना मोलकरीण दिसू नये म्हणून खिडकी मुद्दाम उंच ठेवलेली. आई पावणेपाच फुटांची. तिचं लग्न ठरलेल्या सुताराने मासळीच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून पायरी केली. किटली उकळेपर्यंत आई तिच्यावर उभी राहून समुद्र बघायची. तो सुतार म्हणजे एनिडचा बाप.

यंदा वेअरिंगसाहेबांच्या डोक्यात आलं, सप्टेंबरात लोकांना घर दाखवायचं तर ते थेट बांधलं त्या १९३५ सालासारखंच दिसलं पाहिजे. त्यासाठी फिलिपा नावाची एक तज्ज्ञ बाई आली. उंटावरची शहाणी.

“ही पायरी मूळ आराखड्यात नाही,” ती म्हणाली. “काढून टाका.”

“ती माझ्या आईची आहे,” एनिड म्हणाली. “ती इथे कामाला होती.”

“हो का? वा,” वेअरिंगसाहेब खिडकीची कडी न्याहाळत म्हणाले. “मग घेऊन जा ना. आम्हाला अडगळच.”

एनिडने पायरी मांडीवर घेऊन बसने घरी नेली. रस्ताभर तिला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

महिन्याभरात साहेब आणि फिलिपा तिच्या दारात हजर. हल्ली लोकांना नोकरांबद्दलही ऐकायचं असतं, असं घर दाखवण्यासाठी नेमलेल्या समितीत कुणीतरी म्हणालं होतं.

“काचेच्या पेटीत ठेवू,” फिलिपा म्हणाली. “छान उजेड सोडू. तिच्यावर कुणी उभं राहायचं नाही, नुसतं बघायचं.”

एनिड विरघळली. आईची वस्तू त्या घरात, मानाने, सगळ्यांसमोर. पायरी आणायला ती आत वळलीसुद्धा, पण थांबली.

“पाटीवर काय लिहिणार?”

फिलिपाने वही उघडली. “‘मोलकरणीची पायरी, १९३६.’”

“मोलकरणीचं नाव?”

फिलिपाने साहेबांकडे पाहिलं. साहेब हसले. “पर्किस. मिसेस पर्किस, नाही का?”

“पर्किस माझ्या नवऱ्याचं आडनाव,” एनिड म्हणाली. “बावीस वर्षांत एकदा विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आता फरशी पुसायलाही दुसरी बाई बघा, साहेब. तिचं नाव तेवढं पहिल्याच दिवशी लिहून घ्या.”

आणि तिने दार लावून घेतलं.