मिरजगावला जाऊन रेड्याची आई विचारली त्याची गोष्ट

"चंद्री माजावर आलीय. येनार असशील तर पहिल्या गाडीनं ये," मामांचा फोन. नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यात रजा टाकली आणि निघाले. चंद्री म्हणजे मामांची म्हैस. तिच्या दुधाची साय खाऊन मी वाढले. आता ती थकलीय, हे बहुधा शेवटचं वेत. तिच्यासारखं दूध देणारी एक पारडी मागं राहावी, एवढीच मामांची इच्छा.

नगरहून मिरजगाव एसटीनं दीडेक तास. बायांना अर्धं तिकीट. स्टँडबाहेरची भजी सोडू नका. चहा मात्र सोडा, निव्वळ पाक!

गोठ्यात मामा कावलेले. डेअरीत चंद्रीच्या दुधाला फॅट आठ लागतं, तिच्या दोन्ही लेकींच्या दुधाला जेमतेम सहा. "पेंड बदलली, तुझ्या मामीनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, काय फरक न्हाई!"

"मामा, चारा तोच, गोठा तोच. मग फरक बापाचा असेल की."

मामांनी शेजारच्या गोठ्याकडं बघितलं. दोघींचा बाप रहीमचाचांचा रेडा. चाचा शेजारी, मामांचे जुने दोस्त. रेडा दाखवायचे पैसे घेत नाहीत. म्हैस व्यायली की पहिला चीक त्यांच्या घरी जातो, एवढंच. "आज दुसरीकडं गेलो तर काय वाटंल त्याला?"

भीत भीत चाचांकडं गेलो. रेडा खरंच देखणा, तुकतुकीत काळा. मी विचारूनच टाकलं, "चाचा, ह्याची आई दूध कसं द्यायची?"

"आय? बाजारातनं आनला, पोरी. रूप बघून आनला. आय कुनी बघितली?"

हसू आलं आणि वाईटही वाटलं. सोयरीक जमवताना आपण मुलाचं आजोळ खणून काढतो. रेड्याचं कुणीच विचारलं नव्हतं. आजीच्या दुधाचा गुण बापाच्या हातून नातीत उतरतो, हे चाचांना समजावताना माझीच जीभ अडखळत होती. ते बराच वेळ रेड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "डाक्टरला बोलवा. चीक मातर माजाच."

डॉक्टरांनी आईच्या दुधाची नोंद असलेल्या रेड्याचं वीर्य कृत्रिम रेतनासाठी आणलं. चंद्रीचा कासरा चाचांनीच धरला. "पारडीच होईल असं नाही हं," डॉक्टरांनी बजावलं. मामीच्या हातची भाकरी आणि चंद्रीचं दही खाऊन मी परतले.

घरी पिशवीतलं दूध तापवताना साय बघायची आणि महिने मोजायची सवयच लागली. दहा महिन्यांनी, परवा, फोन आला. मामांचा आवाज पडलेला. "टोणगा झाला गं."

चंद्रीला तिच्यासारखी पारडी आता काही व्हायची नाही.

"आणि चाचांचा चीक?"

"दिऊन आलो. तर त्यानं चीक तसाच ठिवला अन् माज्या मागं गोठ्यात आला. म्हनतोय, टोणगा इकू नगंस, मला दे. मी म्हनलं, आधी रूप तरी बघ त्याचं. तर म्हनतो, रूपाचं ऱ्हाऊ दे. ह्याची आय मला म्हाईत हाय."