अंडी न उकडणाऱ्या काकी

"नाय म्हणजे नाय, गुरुजी." एवढं बोलून काकी पदर खोचायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या. नकार देऊन इतकं निवांत राहणारं माणूस तुम्हीही क्वचितच पाहिलं असेल.

मंडणगड तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्या पोषण आहाराचा स्वयंपाक करायच्या. गळ्यात तुळशीची माळ. आमटी न चाखता नुसत्या वासावरून मीठ ओळखायच्या. पुढे पोरांना दर बुधवारी अंडं द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी हातच जोडले. "मी माळकरीण. अंडी शिजवायची नाय."

पहिल्या बुधवारी मीच कंबर कसली. अंडी थेट उकळत्या पाण्यात सोडली, निम्मी फुटली. काकी दाराबाहेरून बघत होत्या.

"गार पाण्यात घालायची हो, गुरुजी! माळ घालायच्या आधी मी पण उकडलीत."

मग तपासणीला साहेब आले. "काम करायचं नसेल तर राजीनामा द्या."

"राजीनामा देणार नाय, माफी पण मागणार नाय. बाकीच्या दिवशी माझ्या कामात काय खोट असंल तर सांगा."

आठवड्याभरात कामावरून काढण्याची नोटीस आली.

ते कळताच गावातली चार मंडळी काकींच्या बाजूने धावून आली. शाळेत अंडीच नकोत, असा अर्ज त्यांनी लिहून आणला होता. खाली काकींचा अंगठा हवा होता. मला वाटलं, नोकरी वाचत असेल तर त्या देतीलही. काकींनी कागद परत केला.

"माळ माझ्या गळ्यात आहे, पोरांच्या नाय. त्यांच्या तोंडचं काढायला मला पुढे करू नका."

मंडळी आली तशी गेली. शाळा समितीच्या सभेत मात्र एक आई उठली. "बुधवारी अंडी मी उकडते. काकींनी त्या दिवशी वर्ग झाडावेत." सगळ्यांचे हात वर झाले. साहेबांनी कुरकुरत का होईना, नोटीस मागे घेतली.

गेल्या वर्षी काकी लेकाकडे मुंबईला कायमच्या राहायला गेल्या. त्यांच्या शेवटच्या बुधवारी पहिलीतली एक मुलगी हातातल्या गरम अंड्याने रडवेली झाली होती. काकींनी झाडू भिंतीला टेकवला, तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, तिचं मनगट धरलं आणि त्या इवल्या तळव्यावरच्या अंड्यावर हळूहळू फुंकर घालत राहिल्या.