हरिपूरच्या पेवांवर एका कबरीचा वाद

कोरेगाव स्टेशनवर हमालाशी भांडण झालं, म्हणून ट्रंक स्वतःच उचलून मिरजेच्या गाडीत चढलो. खरा राग हमालावर नव्हता. धाकटा भाऊ दत्तू लढाईवरून आला तो घरी न येता परस्पर सांगलीला राहिला, आणि येत्या रविवारी तो बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार) घेणार असल्याचं कळलं होतं. बाप गेल्यावर डोक्यावर गुळाच्या ढेपा वाहून मी त्याला वाढवलं होतं. ते पाणी घेतलं की त्याला पंगतीत जागा नाही, असं भावकीनं बजावलं होतं. कुणीतरी त्याला विकत घेतलंय, याविषयी मला शंका नव्हती. कशाच्या मोबदल्यात, तेवढं शोधून त्याला परत आणायचं होतं.

डब्यात समोर एक पानमळेवाला भाकरी-झुणका खात बसला होता. त्यानं मलाही अर्धी भाकरी दिली. मी कुठं निघालोय ते ऐकून म्हणाला, "मिशनवाले जमीन देत्यात, गड्या. न्हाईतर बायको तरी." मला बरं वाटलं. खिडकीबाहेर काळी रानं आणि उसाचे फड मागं पडत होते. मिरजेला साखर रेशनवर असल्यामुळं गुळाचा चहा मिळाला, तोही फाटलेला. तिथून छोट्या गाडीनं सांगली गाठली.

हरिपूरच्या रस्त्याला दुतर्फा चिंचांची जुनी झाडं आहेत. पुढं कृष्णाकाठी हळदीची पेवं (माल साठवायचे जमिनीतले खोल खड्डे) लागतात. दत्तू तिथं एका आडत्याकडं काटा धरत होता. खोदून खोदून विचारलं. पगार आडत्याचा, राहणं हमालांबरोबर. मिशनकडून जमीन नाही, नोकरी नाही, मुलगीही नाही. माझा संशय उलट वाढला. फुकट दिलेल्या मालात खोट असतेच.

तेवढ्यात त्याचे पाद्री सायकलवरून आले. वाईकडचे, म्हातारे, स्वच्छ धोतर नेसलेले. चिंचेखाली आम्ही तिघे बसलो.

दत्तूनंच सुरुवात केली. "आण्णा, आमची पलटण पॅलेस्टाईनात हुती. येशूची कबर मी बघून आलोय. रिकामी हाय. मेल्यावर तिसऱ्या दिशी त्यो जिता उठला."

"रिकामं पेव बघून काय कळतंय रं? माल चोरीला गेला, एवढंच."

"चोर पोती तिथंच टाकून हळद तेवढी नेतो व्हय? त्याच्या अंगावरचं कापड आतच पडलं हुतं."

"हे सांगितलं कुणी? त्याच्याच माणसांनी."

"कबरीवर गेलेल्या बायकांनी आदी सांगितलं. गड्यांना खरं वाटंना. खोटी साक्ष उभी करायची असती तर तुमी तरी बाई पुढं केली असती का?"

पंचांत बसल्यामुळं मला ठाऊक होतं, केली नसती; बाईची साक्ष तिथं कुणी धरत नाही. त्याचा राग मी पाद्र्यांवर काढला. सदेह वैकुंठाला गेलेले संत आमच्यातही आहेत, मग तुमचं वेगळं ते काय? प्रत्येक आडत्या आपलाच माल एक नंबर म्हणतो.

"आमचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे," ते शांतपणे म्हणाले. "येशू मेलेल्यातून उठला नसेल तर आम्ही लोकांना फसवतोय. मग उपदेश कितीही चांगला असो."

बायबलात चौघांनी लिहिलेल्या त्याच्या उठण्याच्या हकिगती तपशिलात जुळत नाहीत, हेही त्यांनी आपण होऊन सांगितलं. पढवलेले साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून बोलतात, हे मी कचेरीत पाहिलंय. पण ते बोललो नाही. समोरच्याला आयता मुद्दा कशाला द्या? शिवाय स्वतःच्या मालातली खोट दाखवणाऱ्यापासून मी जास्तच जपून राहतो.

शेजारी एक पेव उघडलं होतं आणि व्यापारी जमले होते. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबतात, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. मी दत्तूला तिकडं ओढलं, खांद्यावरचं उपरणं आमच्या हातांवर टाकलं आणि त्याची निम्मी बोटं दाबली: माझ्या गुळाच्या दुकानात निम्मी भागी. तो हलला नाही. मग पुरा पंजा धरला: सगळं तुझं, पण चल.

त्यानं एकही बोट दाबलं नाही. फक्त माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. लहानपणी बाजारच्या गर्दीत धरायचा तसा.

"सौदा झाला का, आण्णासाहेब?" एका दलालानं हसत विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. पण हात लगेच सोडवला नाही.

परतीच्या गाडीत डोळा लागला नाही. रिकामी कबर हा पुरावा नव्हे, हे माझं मत आजही कायम आहे. जगात कबरी नाना कारणांनी रिकाम्या होतात. त्या म्हाताऱ्यावरही माझा विश्वास बसलेला नाही. पण विकलेला माणूस पुरा पंजा नाकारत नाही. दत्तूला कुणी विकत घेतलं होतं हा माझा हिशेब मात्र चुकला.

घरी आई उंबऱ्यावरच बसली होती. माझ्यामागं कुणी नाही हे तिनं पाहिलं. तो नाही म्हणाला, एवढं मी सांगितलं. ती म्हणाली, "दिवाळीला यील न्हवं? मग बसवायचा कुठं रं त्याला?"

भावकीतले दोघे ओसरीवर बसले होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "माझ्या पानाशेजारी."